ट्रेसरबाईंचं कुलूप

माउसला हात लावण्याआधी ट्रेसरबाई पावडर लावायच्या. तोंडाला नव्हे, हाताला. टेबलाच्या वरच्या खणातून गुलाबी डबा निघायचा, डाव्या तळव्यावर दोनदा आपटला जायचा, मग दोन्ही हात एकमेकांवर चोळून, उलटेपालटे करून बघून, त्या माउस धरायच्या. आमच्या ऑफिसातले सगळे माउस काळे होते. बाईंचाही मुळात काळाच होता.

मी नवी होते तेव्हा न राहवून विचारलं, "बाई, माउसला पावडर कशाला?"

"घाम लागला का डाग पडते."

"पण डाग पडणार कशावर?"

त्यांनी चष्म्यावरून आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुह्या कामावर," म्हणाल्या आणि हात चोळत बसल्या.

ट्रेसर ही जमात तुमच्यातल्या पन्नाशीपुढच्यांनी कदाचित पाहिली असेल. इंजिनिअरने पेन्सिलीने काढलेल्या ड्रॉइंगवर ट्रेसिंग पेपर ठेवायचा आणि शाईच्या पेनने ते जसंच्या तसं उतरवायचं, हे त्यांचं काम. त्यावरून मग निळ्या प्रती निघायच्या आणि साइटवर जायच्या. आमच्या डिझाइन ऑफिसात एके काळी चार ट्रेसर होत्या. चौघी बायका, उंच स्टुलांवर बसलेल्या. भिलाईच्या मे महिन्यातसुद्धा त्यांच्या खोलीतले पंखे बंद असत, कारण कागद उडतो. घामाचा एक थेंब पडला की दोन दिवसांचं काम पाण्यात. म्हणून पावडर. पुढे कॉम्प्युटर आले, ट्रेसिंग संपलं, बाकीच्या तिघी आधीच या ना त्या वाटेने गेल्या होत्या. उरलेल्या बाईंना अकरा लोखंडी कपाटांच्या रेकॉर्ड रूमवर बसवलं. काम गेलं तरी नाव राहिलं. मोठ्या साहेबांपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना ट्रेसरबाईच म्हणत.

मी सेक्टर दोनमध्ये, म्हणजे स्टील प्लांटच्या टाउनशिपात वाढलेली. वडील प्लांटमध्ये, मूळ गोंदियाकडचे. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि ऑफिसात दोन्हींची खिचडी. बाई चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतल्या, माहेर-सासर दोन्ही नागपूरकडचं, मुलगा यार्डात कामाला. रोज लोकलने यायच्या आणि पॉवर हाउस स्टेशनला उतरायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी तपासणी केली.

"मराठी आहे का वो तू?"

"हो. पण माझं मराठी जरा कच्चं आहे."

"कच्चं कायचं, हिंदीच आहे थे. जाऊ दे. सेक्टरवाली आहे तू."

तेव्हापासून मी सेक्टरवाली. रेल्वे कॉलनीवाल्यांचा आम्हा सेक्टरवाल्यांवर जुना राग असतो. आमच्या नळाला पाणी वेळेवर येतं आणि घरासमोर झाडं असतात, एवढाच आमचा गुन्हा.

एका हिवाळ्यात मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. "मॅडम, अब सब कुछ सिस्टम में. एक ड्रॉइंग, एक जगह, एक नंबर. पुराने कागज़ भी स्कैन करके डालो, और वो कमरा खाली करो." त्या खोलीत त्यांना मीटिंग रूम करायची होती. मूळ कागद लगद्याला जाणार होते.

मला आनंदच झाला. मला नीटनेटकेपणाची खाज आहे हे मान्य करून टाकते. आमच्या घरी मसाल्याच्या डब्यांवर मी चिठ्ठ्या लावलेल्या आहेत आणि आई त्या न वाचता डबे उघडते. ऑफिसात तोवर सगळ्यांची ड्रॉइंग एका सामायिक फोल्डरमध्ये पडलेली असत आणि त्यांची नावं बघून मला उचकी लागायची. 'फायनल'. 'फायनल न्यू'. 'फायनल न्यू २'. 'लेटेस्ट'. 'यही वाला लेना'. आता नव्या सिस्टीममध्ये प्रत्येक फाइलला नंबर, प्रत्येक बदलाची नोंद आणि कोणी काय केलं याचा हिशेब राहणार होता. कपाटांत काय आहे हे फक्त बाईंना ठाऊक होतं, म्हणून त्यांना माझ्या हाताखाली दिलं. निदान कागदावर तरी असंच होतं.

फायलींच्या नावांचं प्रकरण बाईंनी माझ्याआधी निकालात काढलं. आमच्याकडे एक डिझायनर आहे, दिवसभर कानांवर हेडफोन. तो येऊन म्हणाला, "आंटी, कन्वेयर की फाइनल वाली ड्रॉइंग निकालनी है."

"ये तो घर का नाम हुआ, बेटा," बाई म्हणाल्या. "स्कूल का नाम बता."

त्याला कळेना. बाई माझ्याकडे वळल्या. "घरी पिंट्या म्हनतात, बबली म्हनतात. हरेक गल्लीत चार पिंट्या असतात. शाळेत नाव टाकाले गेलं का पुरं नाव लागते का नाही?" तो बिचारा जाऊन ड्रॉइंगचा नंबर शोधून आला. महिन्याभरात अख्खं ऑफिस नंबरावर बोलू लागलं. मी त्यासाठी तीन पानांचं परिपत्रक लिहिलं होतं. ते कोणी वाचलं नाही.

सिस्टीम शिकवताना मात्र माझी जीभ घसरली आणि पुढचं सगळं त्यातून उद्भवलं. तिथे फाइलवर काम करायचं तर ती आधी आपल्या नावावर काढून घ्यावी लागते. त्याला चेक आउट म्हणतात. ती तुमच्याकडे असेपर्यंत बाकीच्यांना नुसती बघता येते. बदलता येत नाही, पुढे पाठवताही येत नाही. काम झालं की परत ठेवायची. बाईंच्या पटकन लक्षात यावं म्हणून मी म्हटलं, "कपाटाला कुलूप लावण्यासारखं आहे, बाई. चावी तुमच्याकडे."

"अस्सं," बाई म्हणाल्या. "मंग सोपं आहे."

आता बाईंचा रोजचा शिरस्ता असा की संध्याकाळी अकरा कपाटांना अकरा कुलपं लावायची, प्रत्येक कुलूप ओढून बघायचं आणि दारातून मोठ्याने सांगायचं, "कुलूप लावून निघाली." ऐकणारं कोणी असो नसो. त्या शनिवारीही त्या तसंच म्हणून गेल्या.

सोमवारी सकाळी ऑफिसात एकालाही एकाही फाइलला हात लावता येईना. जी उघडावी तिच्यावर बाईंचं नाव. बाई नेहमीच्या लोकलने आल्या तेव्हा त्यांच्या टेबलाभोवती सात-आठ जण उभे होते आणि मोठे साहेब चष्मा पुसत होते. साहेब चष्मा पुसू लागले की आम्ही जरा लांब सरकतो.

"ट्रेसरबाई, सारी फाइलें आपके नाम पे कैसे हैं?"

"शनिवार को ताला लगा के गयी थी, साहब." बाईंना साहेबांचंच नवल वाटलं. "खुला छोड़ के जाती क्या?"

मी तोंडावर ओढणी धरली. "बाई, सगळ्याच्या सगळ्या लावल्या?"

"मंग अर्ध्या लावतात का? तूच तं सांगितलं, कपाटासारखं म्हून."

तसं पाहिलं तर माझ्या लॉगिनने ती कुलपं तोडता आली असती. पण ती सोय कुठे आहे हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं आणि माहीत नाही हे साहेबांसमोर कबूल करायचं नव्हतं. त्यामुळे बाईंनी डबा काढला, हातांना पावडर लावली, कपाटातून जुनं रजिस्टर आणलं आणि एकेकाला बोलावलं. नंबर सांग. कशाला पाहिजे ते सांग. इथे सही कर. हेडफोनवाला हेडफोन काढून रांगेत उभा राहिला. बारा वाजता शेवटची फाइल सुटली. बाईंना इतक्या खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दुपारी त्यांनी मला डब्यातलं निम्मं भरीत दिलं.

त्यानंतर मी सिस्टीमचं पुस्तक मुळापासून वाचलं. कुलूप तोडायचं बटण सापडलं. त्याच्याखाली सूचना होती की ज्याची फाइल आहे त्याने तिच्यात भरलेलं पण अजून परत न ठेवलेलं सगळं काम पुसलं जाईल. हेही मी बाईंना सांगितलं. मला ज्ञान वाटायची वाईट सवय आहे.

आमचं खरं वाजलं ते एका रकान्यावरून. प्रत्येक ड्रॉइंगच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. डिझाइन कोणी केलं, काढलं कोणी, ट्रेस कोणी केलं, तपासलं कोणी, मंजूर कोणी केलं. पाच रकाने, पाच जणांची आद्याक्षरं. सिस्टीमसाठी मी जो फॉर्म बनवला त्यात रकाने चार होते. 'ट्रेस्ड' मी गाळला होता.

बाई एक दिवस माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. "एक खाना कमी आहे तुह्यात."

"तो लागत नाही, बाई. ट्रेस आता कोण करतं? वीस-पंचवीस वर्षांत त्यात कोणी काही लिहिलेलं नाही."

"त्याच्या आधी लिहिलं आहे ना."

"फॉर्म ठरला आहे. आता बदलता येत नाही."

हे साफ खोटं होतं. बदलता येत होतं. मला कंटाळा आला होता, आणि माझा फॉर्म फार देखणा झाला होता.

"कागदं कधी जाऊन राहिले?"

"तुमच्या रिटायरमेंटच्या आठवड्यात."

"मंग आमच्या चौघीचं नाव कुठी राहीन?"

स्कॅनमध्ये दिसेल की, मी म्हटलं. समोरच्या स्क्रीनवर त्या चौकटीतली अक्षरं मसुरीच्या दाण्याएवढी होती आणि निम्मी फिकी पडली होती. ते आम्ही दोघी बघत होतो.

"हाव," बाई म्हणाल्या. "बरोबर आहे तुहं."

माझं बरोबर आहे असं बाई कधी म्हणत नसत. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. तुमच्या ध्यानात आलं असेल. माझ्या नाही आलं.

पुढच्याच महिन्यात एका जुन्या कोळसा बंकरचं मजबुतीकरण आमच्याकडे आलं. ज्यांचं काम होतं ते लोक गुरुवारी यायचे होते आणि त्याआधी पायाच्या ड्रॉइंगचा पूर्ण संच त्यांना पाठवायचा होता. मंगळवारी पाहिलं तर सगळा संच बाईंच्या नावावर. चुकून झालं असेल म्हणून मी उठून गेले.

"बाई, बंकरची ड्रॉइंग तुमच्याकडे आहेत."

"हाव."

"परत ठेवता का?"

"काम चालू आहे माहं."

"कोणतं काम?"

"नावं लिहून राहिली."

"कुठे लिहिताय? रकाना तर नाही."

"म्हनूनच तं थांबली आहे."

मी आवाज जरा वर नेला. "मला कुलूप तोडता येतं, बाई."

"तोड ना. महिनाभर बसून नंबर भरले, तारखा भरल्या, सारं त्यातच आहे. पुसून जाईन. तूच सांगितलं." मग त्यांनी वरचा खण उघडला आणि गुलाबी डबा माझ्यापुढे सरकवला. "पावडर पाहिजे का? घाम येऊन राहिला तुह्या हाताले."

खरोखरच येत होता.

तेवढ्यात मोठे साहेब आले. काय अडलं आहे ते त्यांनी माझ्याऐवजी बाईंनाच विचारलं. बाईंनी चौकट दाखवली, पाच रकाने मोजून दाखवले, मग माझा फॉर्म दाखवला आणि चार मोजून दाखवले. "मैं तो भर दूँ, साहब. जगह ही नहीं है. ये बोलती है, बदलता नहीं."

साहेब माझ्याकडे बघू लागले. "नहीं बदलता?"

"बदलता है सर, मगर..."

"मगर क्या, मॅडम? एक डिब्बा ही तो माँग रही हैं."

दहा मिनिटं लागली. टेबलावर ठेवलेला माझा चहा तोवर पुरता थंडही झाला नव्हता. बाईंनी शांतपणे नावं भरली, एकेक फाइल परत ठेवली आणि बुधवारी संच वेळेवर गेला. मी दोन दिवस बाईंशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्याच आल्या. "राग उतरला का वो सेक्टरवाली? मंग इकडे ये. बरंच काम पडलं आहे."

काम म्हणजे असं, की कितीतरी ड्रॉइंगवर ट्रेसरची अक्षरं पुसली गेली होती किंवा कोणी घातलीच नव्हती. कागद जायला महिना उरला होता. त्यानंतर मूळ शाई बघायला मिळणार नव्हती आणि ओळखणारं माणूसही ऑफिसात राहणार नव्हतं. मी विचारलं, सहीच नाही तर ओळखायचं कसं? बाई म्हणाल्या, "काँक्रीट पाह्य."

ड्रॉइंगमध्ये कापलेलं काँक्रीट दाखवायचं असलं की तिथे ठिपके आणि बारीक त्रिकोणी खडे काढतात. कॉम्प्युटर ते एका क्लिकमध्ये भरतो. ट्रेसर ते हाताने काढत, एकेक, आणि किती काढायचे, कसे काढायचे, हे त्यांना कोणी सांगत नसे.

"ही अम्मिणी. केरळची होती. खडे पाह्य तिचे, रांगोळी घातल्यावानी. ही दुर्पती. इथलीच, छत्तीसगडची. दुपारच्याले लेकराले पाजाले घरी पळे, म्हनून ठिपके कमी. ही मी. मले खाली जागा दिसली का करमत नाही, म्हून दाबून भरले." मग एक कागद त्यांनी जरा जास्त वेळ धरून ठेवला. "अन् ही शालिनी. रव्यावानी बारीक."

मी लिहीत गेले. आठवड्याभरात मला दुर्पती लांबून ओळखू येऊ लागली आणि दोन आठवड्यांत मी अम्मिणीसाठी बाईंशी पैज लावू लागले. ज्या बंकरांवर, गॅलऱ्यांवर आमच्या साहेबांची नावं सगळ्यांना पाठ होती, त्यांच्या पायात या चौघींच्या हातचा एकेक खडा होता, आणि मी त्यांना माझ्या वेळेला रकाना रिकामा असतो म्हणून गाळून टाकणार होते. मला मनापासून लाज वाटली. बाईंना तसं सांगितलंही.

"लाज वाटते तं लिही," बाई म्हणाल्या. "पुढचं ड्रॉइंग घे."

असंच एकदा काम चालू असताना त्यांनी विचारलं, "ह्या खान्यात दोन नावं मावतात का?"

रकान्यात यादीतून एक नाव निवडायची सोय मी केली होती. मी मान वर न करता म्हटलं, "नाही, बाई. एका रकान्यात एकच नाव." मग बघितलं तर त्या माझ्याकडेच बघत होत्या. मी घाईने म्हटलं, "आता आणखी खाना मागू नका हं."

"नाही मांगत," त्या म्हणाल्या.

बाई रिटायर होण्याच्या आदल्या दिवशी ट्रक आला आणि कागद गेले. त्यांच्या पाठोपाठ कपाटंही गेली. दुसऱ्या दिवशी शाल, नारळ, समोसे. साहेबांनी भाषणात सोमवारच्या रांगेचा किस्सा सांगितला आणि सगळे पोट धरून हसले. हेडफोनवाल्याने बाईंच्या पाया पडून स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, शाळेतलं. बाईंनी अकरा चाव्यांचा जुडगा माझ्या हातात दिला, दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "कुलूप लावून निघाली."

आम्ही पुन्हा हसलो. एकही कपाट उरलं नव्हतं.

बाईंनी काम असं चोख केलं होतं की त्यांना फोन करायची वेळच कोणावर आली नाही. जे शोधावं ते सापडायचं. सात महिन्यांनी हेडफोनवाला धावत माझ्याकडे आला. चेहरा फुललेला. "मॅडम! आंटी का ताला!"

एक फाइल बाईंच्या नावावर निघाली. एका पंपहाउसचा छोटासा पाया, कोणाच्या आठवणीतही नसलेला, आता दुरुस्तीसाठी त्याच्याकडे आलेला. मी उघडून पाहिली. स्कॅनमध्ये ट्रेस्डच्या जागी बाईंचीच आद्याक्षरं होती, ठसठशीत. सिस्टीमच्या रकान्यात मात्र काहीच नव्हतं. मी तोडायच्या बटणावर बोट नेलं आणि मग फोन उचलला.

"किती महिने झाले?" बाईंनी पहिलं हेच विचारलं.

"सात."

"सात महिने कोनाचा हात नाही लागला त्याले? मले वाटे, दोन महिन्यात बोंबलशीन तू."

"बाई, सही तुमचीच दिसते आहे. मग कुलूप कशाला?"

"फोनवर नाही सांगत. घरी ये."

रविवारी मी लॅपटॉप घेऊन लोकलने चरोद्याला गेले. बाई वाळल्या होत्या. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकला होता. सुनेने पाट्यावर वाटलेल्या ठेच्याचा वास घरभर होता. मी पलंगावर लॅपटॉप उघडला, मोबाइलचं नेट जोडलं आणि ड्रॉइंग समोर आणलं.

"हे माहं नाही," बाई म्हणाल्या. "म्हंजे अर्धं आहे."

शालिनी एका दुपारी स्टुलावरून उठली. आठ दिवस डोळे पिवळे दिसत होते. तिने पेन धुतलं, पुसून ठेवलं, बाकीचं उद्या करते म्हणाली आणि घरी गेली. कावीळ होती. ती परत आली नाही. पंधराव्या दिवशी गेली. इकडे ड्रॉइंग साइटवर जायचं होतं, तर तपासणाऱ्या साहेबांनी बाईंना म्हटलं, पुरं करून टाक. बाईंनी पुरं केलं. उरलेले ठिपके शालिनीसारखेच काढले, रव्यासारखे, कोणाला जोड कळू नये म्हणून. मग दोघींची अक्षरं घालू का म्हणून विचारायला गेल्या.

"थे म्हने, एका खान्यात एकच सही."

मी मान खाली घातली. शब्दही जवळजवळ तेच होते.

"तुह्यावर राग नाही वो. तुले कुठी माहीत होतं." बाई माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या. "पन थे मरून गेली अन् तिचं काम माह्या नावावर चढलं. इतके वर्षं खुपते मले. कागद असताना तुले सांगतो म्हटलं, तं जीभ नाही उचलली. म्हून कुलूप लावलं. कधी ना कधी तं येशीन."

त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. नीट दिसत नव्हतं तरी डावीकडून बोल्ट मोजत गेल्या. "इथवर थे. तिसऱ्या बोल्टापासून मी." मी चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. मला जोड दिसला नाही. आजही दिसत नाही.

रकान्यात एकाहून जास्त नावं बसतील असा बदल मी तिथेच, पलंगावर बसून केला. पाच मिनिटं. मग कुलूप तोडायचं बटण समोर आलं. "तोडू?"

"थांब." त्या उठल्या, आरशाखालच्या फळीवरून पावडरचा डबा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "हात दे."

मी हात पुढे केला. त्यांनी माझ्या तळव्यावर डबा दोनदा आपटला, स्वतःच्या दोन्ही हातांनी चोळला आणि उलटापालटा करून पाहिला.

"हं. पयले शालिनी."

मी कुलूप तोडलं आणि शालिनी लिहिलं. त्यानंतर बाईंचं नाव लिहिलं, पूर्ण, शाळेतलं. फाइल परत ठेवली. वाचून दाखवलं, तेव्हा बाईंनी दोनदा वाचायला लावलं.

"आता माह्याकडे काय राहिलं?"

"काहीच नाही, बाई. सगळं जमा झालं."

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि सुनेला हाक मारून मला ठेचा बांधून द्यायला सांगितलं. फाटकापर्यंत सोडायला आल्या. मी वळले तेव्हा मागून आवाज आला, "कुलूप लावजो वो, सेक्टरवाली."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात बाई गेल्या. त्यांच्या मुलाचा फोन मलाच आला. ऑफिसात आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो. नव्या मीटिंग रूममध्ये, म्हणजे त्यांच्याच खोलीत. मला रडू आवरलं नाही आणि मी ते आवरलंही नाही.

ती पंपहाउसची फाइल आता माझ्या नावावर आहे. चरोद्याहून परतताना लोकलमध्येच मी ती काढून घेतली होती. हे नियमाला धरून नाही. पण नियम मीच लिहिलेत. हेडफोनवाल्याला तिच्यावर काम करायचं असलं की तो माझ्या टेबलाशी येतो, हेडफोन काढतो, नंबर सांगतो, कशाला पाहिजे ते सांगतो आणि बाईंच्या जुन्या रजिस्टरात सही करतो. परवा कुरकुरत म्हणाला, "अब पावडर भी लगानी पड़ेगी क्या, मॅडम?" बाईंच्या खणात राहून गेलेला गुलाबी डबा मी त्याच्यापुढे सरकवला. त्याने लावली.

संध्याकाळी फाइल परत माझ्याकडे येते. मी ती माझ्या नावावर घेते, नाव लागलं की नाही ते पुन्हा एकदा बघते, आणि ऐकणारं कोणी असो नसो, दारातून सांगते, "कुलूप लावून निघाली."